स्टिकर काढा, कर्व्ह्ज उघडा!

सुट्टी गुरुवारची, कॅमेरा मोबाइलचा आणि सॉफ्टवेअर चकटफू... फोटो एडिटिंगचं वेड लागलेल्या पिंपरी-चिंचवड-चाकणकरांसाठी थोडा क्लास, थोडी भटकंती आणि एक कबुली.

चाकणच्या कितीतरी कंपन्यांच्या गेटवर सकाळी एक छोटासा विधी होतो. सिक्युरिटीचे काका हात पुढे करतात, आपण मोबाइल देतो आणि ते त्याच्या कॅमेऱ्यावर गोल स्टिकर चिकटवतात. पुढे एक, मागे एक. झालं, शिफ्ट संपेपर्यंत तुमच्या महागड्या मोबाइलचा डोळा बंद! संध्याकाळी बसमध्ये बसलं की पहिलं काम म्हणजे ते स्टिकर नखाने खरवडून काढणं. मग मोशीच्या आसपास खिडकीतून झक्कास सूर्यास्त दिसतो, आपण घाईघाईने क्लिक करतो आणि फोटो असा येतो, की जणू दुधात बुडवून काढलाय. कारण? लेन्सवर राहिलेला स्टिकरचा गोंद!

माझं फोटो एडिटिंगचं शिक्षण या गोंदापासून सुरू झालं. मोबाइलमधल्या अॅपमध्ये 'डीहेझ' नावाचा स्लायडर सापडला. तो मी शेवटपर्यंत ढकलला. आकाश जांभळं झालं, विजेच्या खांबांभोवती पांढरी वलयं आली, पुढच्या सीटवरच्या सहकाऱ्याचं टक्कल तांब्याचं दिसायला लागलं. आणि तरीही ग्रुपवर सतरा अंगठे आले! 'सॉल्लिड', 'कुठला फिल्टर रे?', 'स्वित्झर्लंड का?' वगैरे. त्या सतरा अंगठ्यांनी माझं पुढच्या दोन वर्षांचं नुकसान केलं, हे नंतर कळलं. एडिटिंगचा पहिला धडा तर रुमालाने लेन्स पुसण्याचाच आहे, पण तो शिकवायला कुणी अॅप काढत नाही.

आपल्या पट्ट्यातल्या लोकांना या छंदासाठी एक मोठ्ठा फायदा आहे. एमआयडीसीतल्या अनेक कंपन्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी. पुण्यातली सगळी जनता रविवारी सिंहगडावर धक्काबुक्की करत असते, तेव्हा आपण कामावर. आणि गुरुवारी सकाळी चाकणचा संग्रामदुर्ग, देहूचा घाट, दुर्गादेवी टेकडी हे सगळं जवळपास आपल्या एकट्याचं! शाएस्तेखानाला १६६० मध्ये फिरंगोजी नरसाळ्यांनी पन्नासहून जास्त दिवस झुंजवलं तो हा भुईकोट आपल्या कंपनीच्या बसथांब्यापासून इतक्या जवळ आहे, हे आमच्या निम्म्या डिपार्टमेंटला माहीतच नव्हतं. असो. फोटो काढायला वेळ आहे, जागा आहेत. प्रश्न असतो तो घरी आल्यावरचा. दोनशे फोटो काढले, आता पुढे काय?

कास्टिंग आणि फिनिश्ड पार्ट

आधी फंडा क्लिअर करू. 'रॉ' आणि 'जेपेग' यांत फरक काय, हे मला तीन व्हिडिओ बघून कळलं नव्हतं. ते मशीन शॉपमधल्या एका मित्राने चहाच्या टपरीवर एका वाक्यात सांगितलं. रॉ म्हणजे मशीनिंग अलाउन्स ठेवलेलं कास्टिंग आणि जेपेग म्हणजे फिनिश्ड पार्ट. फिनिश्ड पार्टवर पुन्हा टूल चालवलंत तर मटेरियल कुठून आणणार? साइज अंडर होणार, पार्ट रिजेक्ट! आकड्यांत सांगायचं तर जेपेगमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात, तर १४ बिटच्या रॉ फाइलमध्ये १६,३८४. म्हणून काळवंडलेल्या फोटोत सावलीतला चेहरा उजळवायला गेलं, की जेपेगमध्ये पट्टे आणि डाग उठतात आणि रॉमधून तोच चेहरा अलगद वर येतो. आजकाल बऱ्याच मोबाइलमध्येही रॉ काढता येतो. सेटिंग्जमध्ये शोधा, 'प्रो' मोडच्या आत लपलेला असतो.

दुसरी गोष्ट हिस्टोग्राम. क्वालिटीवाल्यांनी याला घाबरायचं काही कारणच नाही. रोज जो आलेख भिंतीवर चिकटवता तोच हा. डावीकडे काळं, उजवीकडे पांढरं, मध्ये सगळे करडे. टेकडी उजव्या भिंतीला चिकटून उभी असेल तर आकाश जळलं, आणि जळलेलं आकाश कुठलाही स्लायडर परत आणत नाही. म्हणून फोटो काढतानाच थोडा अंधारा काढा. सावलीतून माल निघतो, जळलेल्या पांढऱ्यातून नाही.

आणि तिसरी, जी आपल्या पट्ट्यात खास उपयोगाची: व्हाइट बॅलन्स. दिवसाच्या उन्हाचं रंगतापमान साधारण ५५०० केल्विन, तर रस्त्यावरच्या जुन्या नारिंगी सोडियम दिव्यांचं २००० च्या आसपास. नाइट शिफ्ट सुटल्यावर या दिव्यांखाली काढलेला फोटो मी तासन् तास 'नॉर्मल' करत बसायचो. होत नाही हो! त्या दिव्याच्या उजेडात निळा रंग जवळजवळ नसतोच. जे कॅमेऱ्यात आलंच नाही ते स्लायडर कुठून आणणार? असा फोटो सरळ ब्लॅक अँड व्हाइट करायचा किंवा नारिंगी तसाच ठेवायचा. आता बऱ्याच ठिकाणी पांढरे एलईडी आलेत. गंमत म्हणजे मला त्या नारिंगी चाकणची अधूनमधून आठवण येते.

फ्लेक्सवाले दादा

कोर्स करायचा की नाही? हा प्रश्न हमखास येतो. माझं उत्तर, आधी गल्लीतल्या फ्लेक्सच्या दुकानात जा. हसू नका! पिंपरी-चिंचवडमध्ये वाढदिवसाच्या फ्लेक्सची जी काही परंपरा आहे तिच्याबद्दल आपण नाकं मुरडतो (आणि रस्ता अडवणाऱ्या फ्लेक्सबद्दल मुरडायलाच हवीत), पण चाळीस कार्यकर्त्यांचे चाळीस मोबाइलवरून आलेले, चाळीस प्रकारच्या उजेडातले चेहरे दोन तासांत कापून एका आकाशाखाली उभे करणं म्हणजे काय खायचं काम आहे? वर त्यात प्रोटोकॉल! साहेबांचा चेहरा भाऊंपेक्षा बोटभर मोठा, भाऊंचा दादांपेक्षा.

भोसरीतल्या अशाच एका दुकानात मी माझ्या बहिणीच्या लग्नाच्या बॅनरसाठी गेलो आणि पुढचे चार महिने गुरुवारी तिथेच बसलो. दुकानातल्या दादांनी कुठलाही कोर्स केलेला नाही. दहावीनंतर एमएस-सीआयटी, मग थेट दुकान. त्यांचं पेन टूल बघावं! गॉगलची काच, मिशीचं टोक, फेट्याचा तुरा, सगळं चारशे टक्के झूम करून एका रेषेत. त्यांनी मला पहिल्या दिवशी सांगितलं, "साहेब, डिलीटचं बटण विसरा. पुसायचं नाही, झाकायचं." म्हणजे मास्क वापरा. खोडलेलं परत येत नाही, झाकलेलं येतं. गिऱ्हाईक रात्री अकराला फोन करून म्हणतं, की त्या काढलेल्या माणसाला पुन्हा घ्या, त्यांचं मिटलंय!

दुसरा धडा: ते दर दहा मिनिटांनी उठून रस्त्याच्या पलीकडे जायचे आणि तिथून मॉनिटरकडे बघायचे. फ्लेक्स तीस फुटांवरून बघितला जातो, मग तो नाकाजवळ घेऊन का ठरवायचा? आपण मोबाइलवर चिमटीने झूम करून एकेक मुरूम पुसत बसतो आणि अख्ख्या फोटोचा तोल गेलाय हे दिसतच नाही. फोटो लहान करा, उलटा करा, थोडा लांबून बघा. रात्री पूर्ण ब्राइटनेसवर एडिट केलेला फोटो सकाळी काळाकुट्ट वाटतो, तेही याच जातीचं दुखणं.

तिसरा धडा मी विचारला म्हणून मिळाला. लग्नाच्या बायोडाटाचे फोटो घेऊन लोक येतात आणि सगळे एकच मागतात, 'थोडा गोरा करा'. मी विचारलं, तुम्ही करता? दादा म्हणाले, "करतो की, धंदाय. पण आईने ओळखलं पाहिजे एवढंच करतो." या वाक्यावर मी बरीच रात्र जागलोय. ते पुढे येईलच.

मळवलीचे लेअर्स

आता एक भटकंती. चिंचवड स्टेशनवरून लोणावळ्याची लोकल पकडा. आकुर्डी, देहूरोड, तळेगाव, कामशेत करत गाडी मळवलीला थांबते. कार्ल्याची लेणी बघायला, पावसाळ्यात भाजे धबधब्याला आपण इथेच उतरतो. पण फोटो एडिटिंगच्या वेड्याने इथे उतरायचं कारण वेगळं आहे.

राजा रविवर्म्याने १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला. आपल्या आजीच्या देवघरातली ती लक्ष्मी, ती सरस्वती याच छापखान्याने घराघरांत नेली. काही वर्षांतच, १८९९ च्या सुमारास, हा छापखाना इथे मळवलीला हलला आणि पुढे त्यातल्याच फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाने तो विकत घेतला. आता बघा हं, एक रंगीत चित्र छापायचं कसं? चुनखडीचे मोठे, गुळगुळीत दगड. एका दगडावर फक्त पिवळा जिथे लागणार तेवढाच भाग तेलकट खडूने काढायचा, तोही उलटा. दुसऱ्यावर फक्त लाल. तिसऱ्यावर निळा. मग त्वचेचा फिका गुलाबी, साडीचा गडद, सावलीचा करडा... एकेका चित्राला दहा-बारा किंवा त्याहून जास्त दगड. तोच कागद एकेका दगडाखालून जायचा आणि प्रत्येक वेळी खुणा तंतोतंत जुळवायच्या. केसभर सरकला तर लक्ष्मीला दोन नाकं!

ओळखीचं वाटतंय ना? बॉस, हे लेअर्स आहेत! प्रत्येक रंग वेगळ्या थरावर, प्रत्येक थर स्वतंत्रपणे दुरुस्त करता येणारा. थॉमस आणि जॉन नोल या दोन भावांचं फोटोशॉप बाजारात आलं १९९० मध्ये, आणि त्यात लेअर्सची सोय आली तिसऱ्या आवृत्तीत, १९९४ साली. रविवर्म्याच्या छापखान्यानंतर बरोब्बर शंभर वर्षांनी.

गोष्ट इथे संपत नाही. या छापखान्यासाठी फोटोवरून दगडावर प्रतिमा उतरवण्याचं, म्हणजे फोटो-लिथोचं काम करणारा एक त्र्यंबकेश्वरचा माणूस होता. त्याने बडोद्याच्या कलाभवनात फोटोग्राफी शिकली होती. पुढे त्याने स्वतःचा ब्लॉक आणि छपाईचा कारखाना काढला, तंत्र शिकायला जर्मनीला गेला आणि १९१३ मध्ये 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर आणला. धुंडिराज गोविंद फाळके! आपण ज्यांना भारतीय सिनेमाचे जनक म्हणतो, त्यांनी सुरुवातीला जे केलं ते आजच्या भाषेत प्री-प्रेस आणि इमेज प्रोसेसिंगच होतं की. त्यांच्या 'कालिया मर्दन'मधली १९१९ ची ट्रिक दृश्यं बघा. एकेक फ्रेम म्हणजे मास्किंगचा धडा.

१९७२ मध्ये मळवलीच्या त्या छापखान्याला आग लागली आणि पुष्कळ काही गेलं. तेव्हा मळवलीला बघायला मोठ्ठं म्युझियम मिळेल अशी आशा ठेवून जाऊ नका. मी मात्र अधूनमधून जातो. प्लॅटफॉर्मवरच्या बाकावर बसून आजीकडून आणलेल्या एका जुन्या लक्ष्मीच्या छापील चित्राचा मोबाइलमधला स्कॅन उघडतो आणि मोजायचा प्रयत्न करतो, किती दगड असतील? आठपर्यंत पोचलोय. रंग वेगळे करून बघायची नजर याने जेवढी तयार झाली तेवढी कुठल्याही ट्युटोरियलने झाली नाही.

फुकट आणि भरपूर

२००० च्या दशकात आमच्या मोठ्या भावंडांनी फोटोशॉप शिकलं ते पन्नास रुपयांच्या पायरेटेड सीडीवर, हे आता सगळ्यांनी मान्य करायला हरकत नाही. आज ती चोरी करायची गरजच उरलेली नाही. गिंप फुकट आहे, आणि मार्च २०२५ मध्ये आलेल्या त्याच्या तिसऱ्या आवृत्तीत मूळ फोटोला हात न लावता इफेक्ट देता येतात. रॉ फाइलसाठी डार्कटेबल फुकट. ब्राउझरमध्ये उघडणारं फोटोपिया जवळजवळ फोटोशॉपसारखंच चालतं. बसमधल्या दीड तासासाठी गुगलचं स्नॅपसीड. आणि कंपनीच्या लॅपटॉपवर काहीही इन्स्टॉल करू नका, आयटीवाले माणसं असतात, त्यांना त्रास का द्यायचा?

शिकवणारे? यूट्यूबवर 'पिक्सइम्परफेक्ट' नावाने शिकवणारा उन्मेष दिंडा हा आपल्याच देशातला मुलगा जगभरच्या लोकांना फोटोशॉप शिकवतो. तो 'हे बटण दाबा' न सांगता 'हे का होतं' सांगतो, म्हणून मला आवडतो. पण व्हिडिओंचं एक व्यसन असतं. शंभर व्हिडिओ बघितले आणि एकही फोटो पूर्ण केला नाही अशी अवस्था माझी सहा महिने होती. त्यावर उपाय म्हणजे सरावाला चांगला माल.

हा माल कुठे मिळतो ते सांगतो. एमआयटी आणि अडोबी यांनी २०११ मध्ये पाच हजार रॉ फोटोंचा एक संच संशोधनासाठी खुला केला. गंमत अशी, की त्यातला प्रत्येक फोटो पाच वेगवेगळ्या जाणकारांनी आपापल्या पद्धतीने एडिट केलेला आहे. आधी आपण करायचा, मग त्या पाच जणांचा उघडून बघायचा. एकाने आकाश गार ठेवलेलं असतं, दुसऱ्याने उबदार. 'बरोबर उत्तर' नावाची गोष्टच नाही, हे एका संध्याकाळीत कळतं.

रशियाच्या प्रोकुदिन-गोर्स्की या फोटोग्राफरने शंभरेक वर्षांपूर्वी एकाच दृश्याचे लाल, हिरव्या आणि निळ्या फिल्टरमधून तीन-तीन कृष्णधवल फोटो काढले. त्या काचा अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने स्कॅन करून सगळ्यांसाठी ठेवल्यात. तीन फोटो तीन चॅनेल्समध्ये टाका, सरकवून जुळवा आणि बघता बघता शंभर वर्षांपूर्वीचा माणूस रंगीत होऊन तुमच्याकडे बघायला लागतो. अंगावर काटा येतो, शप्पथ! आणि ज्यांना पृथ्वीचा कंटाळा आलाय त्यांच्यासाठी नासाच्या जुनो यानाच्या कॅमेऱ्याचे गुरू ग्रहाचे कच्चे फोटो आहेत. ते प्रोसेस करण्याचं आमंत्रण खुद्द मोहिमेनेच तुमच्या-माझ्यासारख्यांना दिलंय.

यातलं काहीच नको असेल तर घरातला अल्बम उघडा. आपले आई-बाबा ज्या काळात इथल्या कंपन्यांत लागले त्या काळातले रंगीत प्रिंट आता लालसर पडलेत. ६०० डीपीआयवर स्कॅन करा, लेव्हल्समध्ये जाऊन लाल, हिरवा, निळा एकेकटा ताणा. अर्धा रंग परत येतो. ब्लॅक अँड व्हाइट फोटोवर पिवळे डाग असतील तर स्कॅन रंगीतच करा आणि फक्त लाल चॅनेल ठेवा, डाग गायब! पिवळा डाग निळा उजेड खातो, लाल नाही. आणि व्हॉट्सअॅपवरून आलेल्या फोटोवर मेहनत करू नका, काकांना सांगा, 'डॉक्युमेंट म्हणून पाठवा'. आठ बाय बाराची चांगली प्रिंट हवी तर २४०० गुणिले ३६०० पिक्सेल लागतात, व्हॉट्सअॅप सहसा त्याच्या निम्मेही ठेवत नाही.

इन्स्पिरेशन म्हणाल तर कारखान्यांचे फोटो मित्तर बेदींचे बघा. भट्टी, पाइप, चिमण्या यांतही सौंदर्य असतं हे त्यांनी संगणक नसताना दाखवलं. चेहऱ्यांसाठी गौतम राजाध्यक्षांचं 'चेहरे'. मुंबईच्या सफाई कामगारांचे सुधारक ओलवे यांनी काढलेले फोटो बघितल्यावर मी 'क्लॅरिटी'चा स्लायडर वापरणं निम्म्यावर आणलं. आणि अमेरिकेचा अॅन्सेल अॅडम्स! त्याचा १९४१ चा चंद्रोदयाचा एक फोटो त्याने आयुष्यभरात हजारांहून जास्त वेळा डार्करूममध्ये छापला आणि दर दशकात आकाश आणखी काळं करत गेला. फोटोशॉपमधल्या 'डॉज' आणि 'बर्न' या टूल्सच्या खुणा बघितल्यात? काडीला लावलेली चकती आणि चिमटीत वळवलेला हात. अॅडम्स अंधारात अशाच गोष्टींनी उजेड अडवायचा.

म्हणजे एडिटिंग ही फसवणूक नाही, ती पहिल्यापासून आहे, असं मी सगळ्यांना सांगत फिरायचो. २०२३ च्या दिवाळीपर्यंत.

फेस

दिवाळीनंतरच्या एका गुरुवारी पहाटे मी आळंदीला गेलो. धुकं, घाटावरचे दिवे, मागे माउलींच्या मंदिराचा कळस. आणि नदीत फेस. पाण्यावर पांढरेशुभ्र, कमरेएवढे गठ्ठे तरंगत होते. सांडपाण्यातला साबण, डिटर्जंट, कारखान्यांची रसायनं नदीत मिसळतात आणि बंधाऱ्यावरून पाणी पडताना घुसळलं जातं, की हा फेस धरतो. बातम्यांत आपण सगळ्यांनी पाहिलाय. इंद्रायणी लोणावळ्याकडे उगम पावते, मळवली-कामशेतच्या भातखाचरांतून, देहूवरून, मग आपल्या वस्त्यांच्या आणि शेडच्या कडेने आळंदीला येते. मोशीच्या पुलावर रोज आपली बस हीच नदी ओलांडते.

मी फोटो काढला. फ्रेम भन्नाट होती, फक्त फेस आडवा येत होता. तेव्हा फोटोशॉपमध्ये जनरेटिव्ह फिल नवंनवं आलं होतं. लॅसोने फेसाभोवती रेघ ओढली, बटण दाबलं. दहा मिनिटांत पाणी काचेसारखं. कळसाचं प्रतिबिंबही आलं, जे तिथे नव्हतंच. रंग थोडे उबदार केले आणि खाली लिहिलं, 'आळंदी, पहाट'. माझ्या कुठल्याही फोटोला एवढी दाद मिळालेली नाही. फॅमिली ग्रुपवर तर तो आठवडाभर फिरत होता.

माझी आत्या बीडजवळच्या एका गावात राहते. वारकरी घर. गुडघ्यांमुळे तिने तीन वर्षं आळंदीची कार्तिकी सोडली होती. तिचा फोन आला, "नदी साफ झाली का रे?" मी मीटिंगमध्ये होतो. म्हटलं, "हो गं, मस्त आलाय ना फोटो?" मला वाटलं, ती फोटोचं विचारतेय.

ती आली. बरोबर गावातल्या चार बायका, एसटीने. एकादशीच्या पहाटे मी त्यांना घ्यायला घाटावर गेलो तेव्हा आत्या शेवटच्या पायरीवर उभी होती, नऊवारीचा ओचा हातात धरून. समोर फेस होता. त्या दिवशी जरा जास्तच. तिने माझ्याकडे बघितलं आणि एवढंच म्हणाली, "फोटोत तर नव्हता." बरोबरच्या एका मावशींनी हाताने फेस बाजूला सारला, जागा केली, आणि पाचही जणींनी तिथेच बुडी मारली. आत्याने ओंजळीत पाणी घेऊन तोंडाला लावलं. मी मध्ये पडलो नाही. काय सांगणार होतो?

त्यानंतर मी बरंच वाचलं. वर्ल्ड प्रेस फोटो या स्पर्धेने २०१५ मध्ये अंतिम टप्प्याच्या आधीच्या फेरीतले तब्बल २० टक्के फोटो फेरफार केल्याबद्दल बाद केले होते. उजेड-सावली थोडी बदला, पण काही घालू नका, काही काढू नका, असा त्यांचा नियम. २०१६ मध्ये स्टीव्ह मॅककरीसारख्या दिग्गजाच्या क्युबातल्या एका फोटोत खांबाचा तुकडा भलत्याच जागी सापडला आणि मग त्याचे भारतातले जुने फोटोही लोकांनी तपासायला घेतले. पुढे तो म्हणाला, की आपण फोटो-पत्रकार नाही, चित्रांतून गोष्ट सांगणारे आहोत. हे मला पटतं, आणि पटतही नाही. माझी आत्या कुठे स्पर्धेची परीक्षक होती? तिच्यासाठी फोटो म्हणजे भाच्याने बघून येऊन सांगितलेली बातमी. अॅडम्सचं काळं आकाश बघून कुणी तिथे बुडी मारायला जात नाही.

फ्लेक्सवाल्या दादांना मी हे सगळं सांगितलं. ते एका नगरसेवकाच्या कपाळावरची चमक कमी करत होते. बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "तुम्ही झाकलं नव्हतं, पुसलं होतं." आणि पुन्हा कपाळाकडे वळले.

मूळ रॉ फाइल माझ्याकडे होती, नशीब. मी ती पुन्हा उघडली. फेस हा एडिटिंगच्या दृष्टीने भलताच अवघड विषय आहे, हे तेव्हा कळलं. सगळा पांढरा, हिस्टोग्राम उजव्या भिंतीला टेकलेला. हायलाइट्स खाली ओढले तर तो राखेसारखा दिसतो, वर सोडले तर बर्फासारखा, आणि दोन्ही खोटं. शेवटी कर्व्ह्जमध्ये वरच्या टोकाला अगदी थोडा वाक दिला आणि फक्त फेसापुरता मास्क केला. मग त्यातले बुडबुडे दिसायला लागले, त्यांवर पडलेला पहाटेचा पिवळा, कडेला अडकलेलं झेंडूचं फूल. ते फूल मी जागेवर असताना बघितलंच नव्हतं. तीन गुरुवार लागले. ग्रुपवर टाकला तेव्हा सहा अंगठे आले आणि एका काकांनी 'निगेटिव्हिटी नको' असं लिहिलं.

आत्याला बारा बाय अठराची प्रिंट काढून पाठवली, चांगल्या मॅट कागदावर. जुना फोटो तिच्या देवघराशेजारी फ्रेममध्ये लावलेला आहे, हे मला माहीत होतं. तो काढ असं म्हणायचं धाडस झालं नाही. महिन्याने मीच फोन केला. प्रिंट मिळाली का? आवडली का?

"मिळाली की," ती म्हणाली. "पण यात आमी कुटं हाओत? आमी पाच जणी होतो ना तिथं. पुढच्या बारीला आमाला घेऊन काढ."